शिंप्याच्या दुकानातून आलेला फोन

माझ्या थोरल्या जाऊबाईंना दुसऱ्याचा आवाज काढायची कला उपजतच होती. मी लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला सासूबाईंच्या आवाजात हाक मारली, आणि मी हातातलं भांडं टाकून धावत बाहेरच्या खोलीत गेले. सासूबाई शांतपणे वर्तमानपत्र वाचत होत्या. आत जाऊबाई पोट धरून हसत होत्या. त्या दिवसापासून आमचं जमलं ते कायमचं.

त्या परिचारिका होत्या. सगळी नोकरी एकाच मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात गेली. पडलेले, कापलेले, भाजलेले, चक्कर येऊन कोसळलेले, असे लोक तिथे येणार, आणि कुणाला आधी आत घ्यायचं, कुणाला बाकावर बसवायचं ते दारातच ठरवायचं हे त्यांचं काम. घरी आल्या की पाय गरम पाण्यात सोडून बसत आणि दिवसभराच्या गमती सांगत. रोग्याचं नाव मात्र कधी तोंडातून निघालं नाही. आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्यांनी मला निवृत्त झाल्यावर सांगितली, तीही तुकड्यातुकड्यांनी. त्यातल्या मुलीचं नाव मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यांच्या विभागाला एक नव्या डॉक्टरबाई प्रमुख म्हणून आल्या. त्यांनी आल्याआल्या एक पद्धत सुरू केली. चौदा ते एकोणीस वयाचं कुणीही आलं, मग ते हात मोडून येवो की ताप घेऊन, त्याला किंवा तिला एकटं गाठून विचारायचं, की शरीरसंबंध आलाय का. आला असेल आणि मूल हो म्हणालं तर लघवी तपासायला पाठवायची. ज्या आजारांना लोक कुजबुजत गुप्तरोग म्हणतात, ते या वयात पुष्कळदा काही त्रास न देता अंगात बसून राहतात. खाज नाही, दुखणं नाही, काही नाही. आणि आतल्या आत नासधूस करतात. डॉक्टरबाईंचं म्हणणं सरळ होतं. ही मुलं या कारणासाठी आपणहून कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाहीत. डोकं फुटलं की इथे येतात, तेवढीच काय ती आपली गाठ.

जाऊबाईंना आधी हे मुळीच पटलं नाही. पाय मुरगळून आलेल्या पोरीला हे विचारलं तर तिची आई पायातली चप्पल काढेल, असं त्या तोंडावर म्हणाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, आईसमोर विचारायचंच नाही. मग आईला बाहेर कसं काढायचं, तेही असं, की तिला वास येऊ नये? इथे जाऊबाईंचं डोकं चाललं. विभागात पट्ट्या ठेवायची एक चिंचोळी खोली होती. त्यांनी वजनाचा काटा उचलून तिथे नेऊन ठेवला. आत काटा, एक स्टूल आणि दोन माणसं एवढंच मावे. वजन तर प्रत्येकाचंच करावं लागतं, औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं. तेव्हा मूल आत, जाऊबाई आत, दार बंद.

एका आईने विचारलं म्हणे, वजन करायला दार कशाला लावता. जाऊबाई म्हणाल्या, "तुमचं करते या, दार उघडं ठेवून. मोठ्याने वाचून पण दाखवते." बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या आणि ती बाई गुपचूप खाली बसली. तेव्हापासून विभागात त्यांचं नाव पडलं, काटावाल्या सिस्टर.

आत गेल्यावर त्या मुलाला काट्यावर उभं करत आणि स्वतः स्टुलावर बसत, म्हणजे मूल उंचावर आणि त्या खाली. पहिलं वाक्य ठरलेलं. "सगळ्यांना विचारते म्हणून तुला विचारते, तू काही केलंस म्हणून नाही. तू सांगशील ते तुझ्यामाझ्यात." मुलं सांगत. मला याचंच नवल वाटायचं. मी म्हणायचे, सख्ख्या आईला सांगत नाहीत ते तुम्हाला कसं सांगतात? त्या म्हणत, मी त्यांना परत कधी दिसणार नसते ना, म्हणून.

खरी अडचण पुढे होती. तपासणीचा निकाल यायला दोनतीन दिवस लागत, तोवर मूल घरी गेलेलं. काही निघालं नाही तर फोन करायचा नाही. निघालं तर फोन करून बोलवायचं आणि गोळ्या द्यायच्या. पण फोन उचलणार कोण? कुणाच्या घरात सगळ्यांत मिळून एक फोन, कुणाचा फोन वडील तपासतात. म्हणून जाऊबाई काट्यावरच्या मुलाला शेवटी विचारून ठेवत, मी फोनवर कोण होऊ? मुलं सुचवत. वाचनालयातली बाई, चष्म्याचं दुकान, फोटोवाला, शिकवणीच्या बाई. हा आवाज आला की दवाखान्यात यायचं, एवढी खूण.

त्यात त्यांना मजा यायची, हे खोटं कशाला बोलू. एकदा त्या वाचनालयाच्या बाई झाल्या आणि तुमच्या मुलाने मागितलेलं पुस्तक आलंय म्हणाल्या. पलीकडे वडील होते. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की आमच्याच मुलाने मागितलं का? मग फोन तसाच धरून बायकोला ओरडून सांगितलं, अगं, आपलं पोरगं वाचतंय. जाऊबाईंना हसू आवरेना आणि त्या बापाची दयाही आली.

मी देवभोळी बाई. मी त्यांना म्हटलं, जाऊबाई, चांगल्यासाठी का होईना, पण रोज उठून खोटं. देवाला काय सांगणार? त्या म्हणाल्या, देवाला कोण बोलतंय ते ओळखू येतं, त्याच्यासाठी मी आवाज बदलत नाही.

काही वर्षं गेली. विभागातली गर्दी वाढली, माणसं कमी झाली. इतके सगळे आवाज लक्षात ठेवणं जड जाऊ लागलं. तेव्हा जाऊबाईंनी मुलींपुरता एक आवाज पक्का करून टाकला. शिंप्याच्या दुकानातली बाई. कुठल्या मुलीने कुठेतरी ड्रेस शिवायला टाकला नसतो? फिटिंगला या म्हटलं की कुणाला संशय येत नाही. मी कोण होऊ, हे विचारायचं त्यांनी बंद केलं आणि मी शिंपीणबाई होईन, असं सांगायला सुरुवात केली. कितीतरी मुली त्या आवाजावर आल्या, गोळ्या घेऊन गेल्या, बऱ्या झाल्या. म्हणून तर कुणाला त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

ती मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. जिन्यावरून घसरून कोपर सुजलं होतं. आई सोबत होती. घाईत घरून निघालेली, गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत होती. जाऊबाईंना ती टेप दिसली. दिसली, पण डोक्यात शिरली नाही, असं त्या म्हणत. त्या दिवशी कुठेतरी बस उलटली होती आणि दारात एकामागून एक माणसं आणत होते. काट्याच्या खोलीत मुलीने खरं सांगितलं. वर्गातला मुलगा होता, आता तो बोलतही नव्हता. तपासायला ती हो म्हणाली. जाऊबाई म्हणाल्या, काही निघालं तर मी शिंप्याच्या दुकानातून फोन करीन, आला की लगेच ये. मुलीने मान वर केली. ओठ उघडले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी सिस्टर म्हणून ओरडलं आणि जाऊबाई "ठरलं मग" म्हणून दार उघडून निघाल्या.

"ती काहीतरी बोलणार होती," त्या मला म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मला किती वेळा सांगितलं ते मी मोजलं नाही.

निकाल आला, त्यात संसर्ग निघाला. आठवडाभराच्या गोळ्यांनी जाणारा. जाऊबाईंनी दुपारी फोन लावला. आईने उचलला. मागे शिवणाच्या मशीनचा आवाज चालू होता. जाऊबाईंनी शिंपीणबाईचा तो लाडिक, थोडा नाकातला आवाज काढला, मुलीचं नाव घेतलं आणि ड्रेस तयार आहे, एकदा घालून बघायला पाठवता का, म्हणाल्या.

मशीन थांबलं.

"कुठल्या दुकानातून?"

चौकातल्या, असं जाऊबाईंनी नेहमीचं ठेवणीतलं उत्तर दिलं.

"चौकातल्या दुकानाचं निम्मं काम माझ्याकडे येतं बाई. आणि माझ्या मुलीच्या अंगाला आजवर दुसऱ्या कुणाची सुई लागलेली नाही. कोण बोलतंय?"

जाऊबाईंनी फोन ठेवून दिला. तेव्हा ती गळ्यातली टेप डोळ्यांसमोर आली, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परत लावला, तर उचलला आणि लगेच बंद केला. तिसऱ्या दिवशी लागलाच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुलीला गाठा, आईला नको. पत्ता होता. जाऊबाईंनी सुट्टी टाकली, पर्समध्ये गोळ्या घातल्या, कपाटातलं एक कोरं कापड घेतलं आणि गिऱ्हाईक होऊन त्या घरी गेल्या. दवाखान्यात त्यांच्या तोंडावर मास्क होता, डोक्याला टोपी होती. आईने ओळखलं नाही. मुलगी घरात असेल, आत पाणी मागायच्या निमित्ताने गाठीन, असा त्यांचा बेत.

मुलगी घरात नव्हती.

एकाच खोलीत सगळं होतं. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकवलेला कापायचा फळा, दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे, आणि कोपऱ्यात कॉलेजची पुस्तकं सुतळीने बांधून ठेवलेली. बाई बोलकी होती. माप घेताना तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. तुम्हाला मुली आहेत का, विचारलं. जाऊबाई नाही म्हणाल्या. मग बरं आहे, म्हणाली. मुली मोठ्या झाल्या की मापं लपवायला लागतात.

मग तिने सगळं सांगितलं. कुणीतरी बाईचा फोन आला, ड्रेस तयार आहे म्हणून. म्हणजे कुणीतरी हिला ड्रेस शिवून देतंय. कोण देतंय, कशासाठी देतंय, हे आईला कळत नाही का? मुलीला विचारलं तर ती पांढरीफटक पडली आणि एक अक्षर बोलली नाही. खोटा आरोप असता तर भांडली असती ना? गप्प बसली म्हणजे खरंच. फोन काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी मामाकडे नेऊन सोडली, लांब. मामाचं दुकान आहे, मामीच्या नजरेखाली गल्ल्यावर बसेल. कॉलेज गेलं तर गेलं.

जाऊबाई हात पसरून उभ्या होत्या, बाई त्यांच्या दंडाभोवती टेप फिरवत होती. पर्समध्ये गोळ्या. त्या म्हणाल्या, अहो, नंबर चुकला असेल कुणाचा, उगाच पोरीवर राग. बाई म्हणाली, "नाव घेतलं हो तिने माझ्या मुलीचं."

मी जाऊबाईंना विचारलं, मग सांगून का नाही टाकलंत तिथेच? त्या म्हणाल्या, काट्यावर तिला शब्द दिला होता, तुझ्यामाझ्यात म्हणून. अठरा पूर्ण मुलगी, तिचं अंग तिचं. आणि एका आईला सांगितलं असतं तर ते चार घरांत गेलं असतं, मग त्या खोलीत पुढे कुणी खरं बोललं नसतं. हे सगळं खरंच होतं. पण शेवटी एवढंही म्हणाल्या, की मला त्या बाईची भीती वाटली. फोनवरचा आवाज आपलाच, हे तिला कळेल याची.

शिवलेला ड्रेस आणायला गेल्या तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखा मामाचा गाव विचारला, आमचेही तिकडे पाहुणे आहेत म्हणून. बाईने सुई थांबवून वर पाहिलं. तुम्हाला कशाला, म्हणाली. तिथे ते संपलं. डॉक्टरबाईंनी कॉलेजात विचारलं, तिथे नाव कमी झालेलं. मग दोघींनी एकमेकींना समजावलं, की येईल, धीट पोर आहे, काहीतरी वाट काढून येईलच.

ती आली, वर्ष सरायच्या आत. मामा आणि आई दोन्हीकडून धरून आणत होते. अंगात ताप, पोट इतकं दुखत होतं की सरळ उभं राहता येत नव्हतं. काट्यावर उभी करायचा प्रश्नच नव्हता. जाऊबाईंनी आईला नोंदणीच्या खिडकीकडे पाठवलं, मामाला तिच्यासोबत, आणि ढकलगाडीवरच्या मुलीच्या तोंडाशी कान नेला.

"तो फोन तुमचाच होता ना?" मुलीने विचारलं.

जाऊबाई हो म्हणाल्या.

"मला तेव्हाच कळलं. आई ओरडत होती आणि मला एवढंच ऐकू येत होतं, की मला झालंय."

मग मामाकडून कुठल्या डॉक्टरकडे का नाही गेलीस गं, असं जाऊबाईंनी विचारलं. दुकानाच्या समोरच एक दवाखाना होता, असं पुढे कळलं. मुलगी म्हणाली, "जाऊन काय करायचं होतं? त्याला औषध नसतं ना."

काट्याच्या खोलीत जाऊबाई मुलांना काय काय सांगत, पण हे बरं होतं, साध्या गोळ्यांनी बरं होतं, ते फोन करून बोलावल्यावर सांगायचं ठरलेलं होतं. आधीच कशाला घाबरवायचं, अजून काही निघालंही नाही, म्हणून. ती पोर गल्ल्यावर बसून लोकांना सुटे पैसे देत होती आणि आपण मरणार हे मनाशी धरून होती. रोज वाटायचं, म्हणाली, की सिस्टर परत फोन करतील. मामाच्या फोनवर करतील. कुणीतरी दुसरीच होऊन करतील.

त्यांनी तिला आता सांगितलं, की औषध आहे. मुलगी रडली नाही. नुसतं "अच्छा" म्हणाली.

शस्त्रक्रिया करावी लागली. ओटीपोटात पू झाला होता. एका बाजूची गर्भाशयाची नळी काढली, दुसरी राहिली पण ती धड राहिली नव्हती. जीव वाचला, देवाची दया. पुढे मूल होईल की नाही ते कुणी सांगू शकत नाही, असं डॉक्टरबाईंनी मुलीला सांगितलं. आईला तिने सांगू दिलं ते एवढंच, की आतमध्ये जंतू झाले होते.

त्यानंतर त्या विभागात पद्धत बदलली. काट्यावर चढायच्या आधीच मुलांना सांगायचं, की काहीही निघालं तरी उपाय असतो, आणि आम्ही नाही भेटलो तर दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जा. आणि कोण होऊ, हे पुन्हा प्रत्येकाला विचारायचं. डॉक्टरबाईंनी तसं सगळ्यांना बजावलं. जाऊबाईंनी मात्र फोन करायचं सोडलं. धाकट्या सिस्टर करत. त्यांना तसे आवाज जमत नसत, पण काम होत असे.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाई वॉर्डात गेल्या. मुलगी झोपली होती. आई शेजारच्या बाकावर बसली होती. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नसावं, चादरीचा एक सुटलेला दोरा ती बोटाने आत सारत होती. जाऊबाई गणवेशात होत्या, मास्क खाली ओढलेला. बाईने मान वर करून पाहिलं आणि बघतच राहिली.

"तुमचा डावा खांदा उतरता आहे," ती म्हणाली. "मी आत पट्टी घातली होती. तुमचा ड्रेस मी शिवलाय."

त्या बाईला उमगायला वेळ लागला नाही. माझ्या घरी कापड घेऊन आलात. मामाचा गाव विचारलात. तिने एकेक जोडत नेलं, जसं कापलेले तुकडे जोडतात, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, की तो फोन इथून आला होता का.

"मीच केला होता," जाऊबाई म्हणाल्या. आपल्या स्वतःच्या आवाजात.

बाईने कशासाठी म्हणून विचारलं नाही. ओटीपोट, जंतू, दवाखान्यातून चोरून केलेला फोन, तिला जेवढं कळायचं तेवढं कळलं असणार. जाऊबाई शिव्या ऐकायच्या तयारीने उभ्या होत्या. त्या ऐकून बरं वाटलं असतं, म्हणाल्या. पण ती बाई मुलीकडे बघत होती.

"म्हणजे कुणी ड्रेस शिवून देत नव्हतं."

"नाही."

"ती गप्प बसली म्हणून मी..." तिने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी हात उचलला होता तिच्यावर. पहिल्यांदाच. ती म्हणाली, आई, मला चारच दिवस इथे राहू दे, मग जाते. मी तेही नाही दिलं."

जाऊबाई तिच्या शेजारी बसल्या. चूक माझी, म्हणाल्या. मी तिला विचारलंच नाही, की घरी कोण काय करतं. बाई म्हणाली, तुम्ही परक्या. तुम्ही नाही विचारलंत तर एक वेळ ठीक. मी तिला विचारलं, पण उत्तर ठरवून विचारलं.

"आता विचारलं तर सांगेल का ती मला?"

इतकी वर्षं बंद दाराआड मुलांकडून खरं काढून घेतलेली बाई, तिला एवढं एक सांगता आलं नाही. त्यांनी मला विचारलं, तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मी म्हटलं, देवाचं नाव घेतलं असतं. त्या म्हणाल्या, मीही तेच घेतलं, मनातल्या मनात, पण तिने देवाला नव्हतं विचारलं.

थोड्या वेळाने मुलगी जागी झाली. तिने डोळे उघडून दोघींना एका बाकावर बसलेलं पाहिलं. आईकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिला वाटलं, काटावाल्या सिस्टरांनी सांगून टाकलं. तिला दिलेला शब्द मोडला नाही, हे जाऊबाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि आईदेखत ते सांगायची सोय नव्हती.

त्या उठून बाहेर आल्या. दार ओढून घेताना आत आई म्हणत होती, काही सांगू नकोस, तुला पाणी हवंय का तेवढं सांग. मुलीने काय उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू आलं नाही.